दत्तू गेला, आता शिडी कोण बांधणार?

तुमच्या कादंबरीची गोष्ट थोडक्यात अशी. ३ जून २०२०चं निसर्ग चक्रीवादळ होऊन गेलंय, श्रीवर्धन तालुक्यातलं एक गाव अंधारात आहे. खांब उभे करायला आणि तारा ओढायला कराडकडची सहा जणांची कंत्राटी गँग कोकणात उतरते. आठव्या प्रकरणाच्या शेवटी दत्तू खांबावर शॉक लागून चिकटतो आणि मरतो. डीपी, म्हणजे गावाची वीज जिथून तोडतात ती पेटी, बंद होता, पण कुणाच्या तरी घरातल्या जनरेटरचा करंट उलटा लाइनीत आला. नवव्या प्रकरणात उरलेले पाच जण चितेसमोर शपथ घेतात, दुप्पट जोमाने कामाला लागतात आणि गावात दिवे लागतात. हे वाचून तुमचे दोन मित्र म्हणाले, ‘खोटं वाटतं.’ आता तुम्ही विचारताय की सोबत्याच्या मरणाने गट खचतो की पेटतो, आणि ते दाखवायचं कसं.

मित्रांचं बरोबर आहे. माणसं शपथा घेतातही, त्यात काही नाही. घोटाळा ‘पाच जण’ या शब्दांत आहे. आठव्या प्रकरणापर्यंत तुमची सहा वेगळी माणसं होती. जगूकाका मुकादम, सलीम, पोरगेला विकास, दोघे मोरे बंधू आणि दत्तू. दत्तू मेल्याबरोबर उरलेल्या पाचांचा एक माणूस झाला. एकदम रडतात, एकदम मुठी आवळतात. गटाला मन नसतं हो. पाच माणसांची पाच मनं असतात, आणि मधे जो मेला त्याच्यामुळे ती एकमेकांना धरून होती की नव्हती, हे आता कळायला लागतं.

तीसेक वर्षं कथा-कादंबऱ्या लिहितोय, आणि त्याहून जास्त वेळ दुसऱ्यांच्या हस्तलिखितांवर लाल पेन चालवण्यात गेलाय. मधल्या प्रकरणात मारलेली माणसं पुष्कळ पाहिली. बहुतेक वेळा लेखक माणूस मारतो तो गोष्टीने बसकण मारली म्हणून. मीही मारलाय. छापखान्यातल्या चार कंपोझिटरांची एक दीर्घकथा होती, त्यातला अण्णा मी मधेच हृदयविकाराने घालवला आणि उरलेल्या तिघांना पानभर शोक करायला लावला. दिवाळी अंकात छापून आली. महिन्याभराने सांगलीकडच्या एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं: ‘अण्णा वारले हे वाचून वाईट वाटले. पण त्यांची सायकल छापखान्याच्या दारात होती, ती कोणी नेली?’ मी चिडलो होतो. आता वाटतं, एवढी नेमकी समीक्षा माझ्या वाट्याला पुन्हा आली नाही.

तर आधी दत्तूची सायकल शोधा. म्हणजे तो गँगमध्ये काय काय करायचा ते काढा. हजेरीपुस्तकात तो खांबावर चढणारा, हे सगळ्यांना माहीत. पण प्रत्येक गटात माणसाचं एक दुसरं काम असतं, त्याचा पगार मिळत नाही आणि तो जाईपर्यंत ते काम आहे हेही कुणाला कळत नाही. जगूकाका तापले की त्यांना चहा पुढे करून गप्प कोण करायचं? धाकट्या मोऱ्याची दारू कोण लपवायचं? ‘टेस्टर पुन्हा लाव’ असं विकासला कोण बजावायचं? तुमच्या पहिल्या सात प्रकरणांत या सगळ्याची उत्तरं आहेत, तुम्हालाही न कळत आली आहेत. दत्तूच ते. मग तो गेल्यावर ही कामं जमिनीवर पडू द्या. जगूकाकांना कुणी अडवत नाही, धाकटा मोरे संध्याकाळी सापडत नाही, विकास टेस्टर एकदाच लावतो. ‘मनोधैर्य खचले’ असं एकदाही लिहावं लागणार नाही.

रिकामी खुर्ची आणि सहावा चहाचा ग्लास मात्र नको. इतक्या लोकांनी वापरलाय तो ग्लास की आता त्याला कान फुटलाय. तुमच्याकडे त्याहून चांगली वस्तू आहे आणि तुम्ही ती वाया घालवलीत. तिसऱ्या प्रकरणात एका ओळीत म्हटलंय, गाडीच्या टपावर शिडी दत्तूच बांधतो, त्याची गाठ कुणाला सुटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लागणारच की!

‘विकासने गाठ दोनदा ओढून पाहिली. रात्रीच्या पावसाने दोरी फुगली होती. त्याने कटर काढला. “कापू नको,” थोरला मोरे खालून म्हणाला. “मग सोड तू.” मोऱ्याने चढून नखं घातली, दात लावले, शिव्या दिल्या. सलीम गाडीच्या पलीकडे पाठ करून उभा होता. जगूकाका आले, विकासच्या हातातला कटर घेतला आणि दोन ठिकाणी दोरी कापली. तुकडे टपावर तसेच राहिले. चौथ्या दिवशी ताडपत्री बांधायला दोरी कमी पडली, तेव्हा त्यातलाच एक वापरला.’

एवढं पुरे. यात कुणी रडलेलं नाही, पण कोण दत्तूला धरून ठेवतोय, कोण कापून मोकळा होतोय आणि कोण बघूही शकत नाही, ते तिघांच्या हातांवरून दिसतं. तुमच्या शब्दांत तुम्ही याहून चांगलं लिहाल; मी फक्त वस्तू कुठे आहे ते दाखवतोय.

आता खचणं आणि पेटणं. हे दोन वेगळे रस्ते आहेत असं आपण धरून चालतो. सिंहगडाची गोष्ट आठवा, ४ फेब्रुवारी १६७०ची रात्र. परंपरेने आपल्यापर्यंत आलेली गोष्ट अशी की तानाजी पडल्यावर मावळे मागे फिरले, ज्या दोरांनी चढून आले त्याच दोरांकडे धावले. सूर्याजीने दोर कापले होते. मग तेच लोक वळले आणि गड घेतला. मरण एक, माणसं तीच, मधे फार तर काही मिनिटं गेली असतील, आणि खचणं-पेटणं दोन्ही झालं. शाळेत आपल्याला सूर्याजीचं बोलणं पाठ करायला लावतात. लेखकाने दोरांकडे बघावं. बोलण्याला जोर आला तो मागची वाट बंद होती म्हणून. तुमच्या गँगला परत जायची वाट आहे का? गाडी आहे, टाळेबंदीतला प्रवासाचा पास आहे, कराड एका दिवसाच्या रस्त्यावर आहे. मग ते थांबतात कशाला? ‘दत्तूसाठी’ हे उत्तर चितेसमोर शोभतं, तिसऱ्या दिवशी पुरत नाही. कंत्राटदाराने मागच्या दोन महिन्यांचे पैसे अडकवलेत, टाळेबंदीत दुसरं काम नाही, घरी गेलं तर दत्तूच्या आईला तोंड दाखवावं लागेल: हे दोर आहेत. यातला प्रत्येकाचा दोर वेगळा कापा.

पानिपतावर उलटं झालं. १४ जानेवारी १७६१च्या दुपारी विश्वासराव गोळी लागून पडले आणि भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले. लांबून लढणाऱ्यांना दिसली ती रिकामी अंबारी. फौज कशामुळे फुटली यावर इतिहासकार बोलतील, कारणं बरीच होती, पोटात अन्न नव्हतं हे त्यातलं मोठं. गोष्ट लिहिणाऱ्याने यातून एवढंच उचलावं की मरण प्रत्येकाला वेगळ्या अंतरावरून दिसतं. तुमच्या आठव्या प्रकरणात पाचही जण खांबाखाली उभे आहेत, सगळ्यांना सगळं एकदम दिसतं. कशाला? मोरे बंधूंना अर्धा किलोमीटर पुढे खड्डे मारायला पाठवा. तिकडे मोबाइलला रेंज नाही. त्यांना आधी लोक धावताना दिसू देत, मग कुणीतरी सांगेल ‘तुमच्यातला एक चिकटला’, आणि ते पळत येतील तेव्हा थोरल्याच्या डोक्यात धाकटा शेजारी आहे हे ठाऊक असल्यामुळे आधी सुटकेचा श्वास असेल. त्या श्वासाची लाज त्याला पुढची दोनशे पानं पुरेल.

ही सुटका आपल्याकडे लिहायला लोक बिचकतात. महाभारताने बिचकलेलं नाही. घटोत्कच पडतो तेव्हा पांडव रडतायत आणि कृष्ण आनंदाने नाचतो, कारण अर्जुनासाठी राखून ठेवलेलं ‘शक्ती’ हे अस्त्र कर्णाने याच्यावर खर्च केलं. अर्जुनालाच ते खटकतं, तो विचारतोही. एकाच छावणीत, एकाच प्रेतापाशी, एवढी तफावत! दक्षिण ध्रुवावरून परतताना ब्रिटिश मोहिमेचा म्होरक्या स्कॉट याच्या पाच जणांतला एडगर एव्हान्स १७ फेब्रुवारी १९१२ला गेला. तो गटातला सगळ्यात धिप्पाड, स्लेजची दुरुस्ती त्याच्याकडे. शेवटचे दिवस तो मागे पडत होता, आणि त्याच्यासाठी सगळ्यांची चाल मंदावत होती. स्कॉटने डायरीत लिहिलं की सोबती असा गमावणं भयंकर आहे, पण शांतपणे विचार केला तर गेल्या आठवड्याच्या काळजीचा याहून बरा शेवट झाला नसता. ही क्रूर माणसाची नोंद नाही, थकलेल्या माणसाची आहे. उरलेले चौघंही वाचले नाहीत.

म्हणून तुमच्या पाचांत एकाला तरी दत्तू जाण्याने काहीतरी मिळू द्या. धाकट्या मोऱ्यावरची पहाऱ्याची नजर गेली. विकासला आता वर चढायला मिळेल, चढणाऱ्याची मजुरी जास्त. त्याला हे कळलंय, आणि कळल्याचं त्याला सहन होत नाही.

आता सलीमकडे येतो, कारण खरं म्हणजे कादंबरी त्याची आहे आणि तुम्ही त्याला नवव्या प्रकरणात दोन वाक्यं दिलीत. ‘लाइन बंद आहे, चढ’ हे दत्तूला त्याने सांगितलं. खोटं नाही सांगितलं, डीपी त्याने स्वतः पाडला, म्हणजे बंद केला होता. पण तारा शॉर्ट करून अर्थिंग केलं नव्हतं, म्हणजे त्या एकमेकींना जोडून जमिनीला जोडल्या नव्हत्या. घाई होती, दिवस मावळत होता, गावकरी येऊन येऊन विचारत होते. अर्थिंग केलं असतं तर जनरेटरचा करंट आला तरी दत्तू वाचण्याची शक्यता होती. हे पाचही जणांना माहीत आहे. कामावरच्या अपघातात गट तुटतो तो दुःखाने कमी आणि हिशेबाने जास्त. कुणी कुणाला काय सांगितलं होतं, कुणी बघायला हवं होतं. हा हिशेब कुणी मोठ्याने मांडत नाही. रात्री जेवताना सलीमच्या ताटाशेजारी कोण बसतं, एवढ्यावरून तो कळतो.

क्रिकेटमधलं एक उदाहरण. नोव्हेंबर २०१४मध्ये सिडनीच्या मैदानावर शॉन अ‍ॅबटचा उसळता चेंडू मानेवर लागून ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज गेला. दोन आठवड्यांच्या आत, ९ डिसेंबरला, अ‍ॅडलेडला भारताविरुद्धची कसोटी सुरू झाली. ऑस्ट्रेलियाचा वॉर्नर ६३ धावांवर पोहोचला तेव्हा थांबला, कारण ह्यूज पडला तेव्हा ६३वर नाबाद होता. पण लेखक म्हणून मला आठवतो तो दुसरा क्षण. विराट कोहली खेळायला आला आणि मिचेल जॉन्सनचा पहिलाच चेंडू त्याच्या हेल्मेटवर आदळला. ऑस्ट्रेलियाचे खेळाडू धावत त्याच्यापाशी गेले. जॉन्सनचा चेहरा पाहण्यासारखा होता. एरवी फलंदाजांना धडकी भरवणारा तो माणूस, आपणच टाकलेल्या चेंडूने हादरला होता. शोकसभेत जे दिसत नाही ते असं काम करताना दिसतं, हात नेहमीची गोष्ट करायला जातो तेव्हा. अ‍ॅबटही त्याच महिन्यात त्याच मैदानावर परत गोलंदाजीला उतरला. धाव घ्यायला मागे वळताना त्याच्या मनात काय चाललं असेल, ते आपण लिहायला जाऊ नये. तो वळला, एवढं लिहावं.

तुमच्या गोष्टीत तो चेंडू म्हणजे सलीमने पुन्हा एकदा खालून ‘बंद आहे, चढ’ म्हणणं. वर विकास असेल. सलीम किती वेळा तपासतो? विकास त्याचं ऐकतो की स्वतः टेस्टर लावतो? आणि सलीमच्या देखत लावतो का? मला वाटतं तुमच्या कादंबरीचं हे सर्वांत उंच टोक आहे, गावात दिवे लागण्याहूनही.

चितेचं मात्र काढून टाका, ते झालंच नसतं. जून २०२० आहे. खांबावर मेलेल्या माणसाचं आधी पोस्टमॉर्टेम, पंचनामा, मग ॲम्ब्युलन्स गावाकडे. अंत्यविधीला वीसच माणसं चालतील असा तेव्हा नियम होता. गँगपैकी फार तर एक जण बरोबर जाईल, बाकीचे चौघं कुठल्या तरी शाळेच्या व्हरांड्यात बसून राहतील. म्हणजे त्यांना रडायला जागाच नाही, आणि ही तुमची अडचण नाही, चैन आहे. विधी नाही मिळाला की माणसं कामातून, भांडणातून, जेवणातून काहीतरी विधी तयार करतात.

चितेच्या जागी जबाब घ्या. पोलीस ठाण्यातला जबाब. हवालदार विचारतो, हे सांगतात, आणि तो त्याच्या भाषेत लिहितो: ‘तद्नंतर सदर इसम पोलवर चढला असता…’ पाच माणसं पाच गोष्टी सांगतात आणि कागदावर एकच उतरते. या खोलीत मी किमान सहा पानं थांबलो असतो.

‘“लाइन बंद असल्याचं मयताला कोणी सांगितलं?” हवालदाराने मान वर न करता विचारलं. सलीम म्हणाला, “मयत कोण?”’

जगूकाका काय सांगतात ते इथे ठरेल. सलीमने डीपी पाडला हे सांगतात, पण अर्थिंगचं सांगतात का? सांगितलं तर सलीम गेला, आणि मुकादम म्हणून तेही गेले. नाही सांगितलं तर दत्तूच्या घरच्यांना चूक दत्तूचीच वाटेल, आणि नुकसानभरपाईत तेच नडेल. पाचही जण त्या रात्री एकमेकांशी न बोलता अर्थिंगबद्दल एकच जबाब देतात. गट शाबूत राहतो. तुम्हाला शपथ हवी होती ना, ही घ्या. याने ते बांधलेही जातील आणि सडतीलही.

मग पुढची पंधरा-वीस पानं कामाची ठेवा आणि मोजा. आधी दिवसाला सहा खांब उभे राहायचे. अपघातानंतर दोन दिवस शून्य. तिसऱ्या दिवशी दोन, कारण सगळे घाबरून चार-चारदा तपासतायत. आठव्या दिवशी सात, आणि वाचकाच्या पोटात गोळा यावा, कारण तपासणं पुन्हा सुटलंय. खांबांचे आकडे बोलू द्या. दरम्यान कंत्राटदार सातवा माणूस पाठवेल. पुतण्या असेल कुणाचा तरी. त्याला दत्तूचाच सेफ्टी बेल्ट मिळेल, दुसरा आहे कुठे? बेल्ट दत्तूच्या पोटाच्या मापावर घासलाय, भोक एक अलीकडचं लागतं. त्या पोराशी ते कसे वागतात त्यावर तुमचा अख्खा शेवट उभा राहील. माझा अंदाज, वाईट वागतील, आणि सगळ्यात वाईट वागेल तो दत्तूचा सगळ्यात जवळचा.

गावाचंही विसरू नका. गावाला दत्तू कोण माहीत नाही. ज्यांना माहीत आहे ते दोन दिवस हळहळतील, भाकऱ्या पाठवतील, आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच कुणीतरी शाळेच्या दारात येऊन ओरडेल की मोबाइल चार्ज करायला तळ्यापलीकडे जावं लागतंय, तुम्ही बसलाय काय. तो माणूस वाईट नाही. त्याला उत्तर कोण देतं? आतापर्यंत गावकऱ्यांशी गोड बोलायचं काम दत्तूचं होतं, पहिल्याच प्रकरणात आहे ते. आणि जनरेटर ज्या घरातला होता तिथे चेंजओव्हर, म्हणजे जनरेटर लाइनीपासून तोडणारा स्विच, बसवलेला नव्हता, फ्रिजमधले मासे वाचवायचे होते एवढंच. तुम्ही ते घर धूसर ठेवलंय. ठेवा. पण गँगपैकी एकाला ते कोणतं हे कळलेलं असू द्या, आणि त्याच घरून त्यांना रोज पाणी येत असू द्या.

एक बारीकशी गोष्ट भाषेची. आठव्या प्रकरणापर्यंत तुमची माणसं फक्कड बोलतात. नवव्यात ती ‘त्याचं बलिदान’, ‘अधुरं स्वप्न’ असं बोलायला लागतात. जगूकाका आयुष्यात बलिदान म्हणणार नाहीत. ते म्हणतील, “पोरगं हुतं रं गुणाचं,” आणि लगेच पान्हा कुठे ठेवलाय ते विचारतील. विनोदही थांबवू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी दत्तूचाच जुना पाचकळ विनोद चुकून सांगेल, सगळे हसतील, आणि मग कुणाला पुढे काय करावं ते सुचणार नाही.

लिहायला बसाल तेव्हा नववं प्रकरण उघडू नका. तिसरं उघडा. तिथे दत्तू शिडी बांधतो ती एक ओळ आहे, तिचं अर्धं पान करा. विकास खालून ‘शिकव की’ म्हणतो आणि दत्तू म्हणतो, “शिकवीन म्हणं. आधी जगूकाकांचा डबा आण.”